जीपमधल्या गणपतीची शेजारती

बाळाराम, तुझी जीप सपाटीवर सेल्फनं सुरू झाली.

आधी बस. जिथं असशील तिथं बस, आणि तिथंही उतार असेल तर चाकाखाली दगड लावून मग बस. साजगावच्या कारखान्याच्या गेटासमोर, जिथली जमीन इतकी सपाट की सांडलेल्या चहालासुद्धा कुठं वाहायचं ते कळत नाही, तिथं तुझी ती काळी डिझेल जीप किल्ली फिरवल्याबरोबर उठली. कुणी मागून ढकललं नाही. कुणी चप्पल हातात घेऊन धावलं नाही. आणि ती किल्ली तुझ्या बायकोच्या, यमुनावहिनींच्या हातात होती.

तू म्हणशील, काशा, फेकू नको. बरोबर आहे. अर्धा कर्जत तालुका मला फेकाड्या म्हणून ओळखतो. भिवपुरीच्या पावरहाऊसमध्ये नोकरीला असताना मी एकदा शिंकलो आणि मुंबईतले दिवे मिणमिणले, ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगत आलो की एके दिवशी तूच ती मला तुझी म्हणून ऐकवलीस. तुझ्या गोष्टीत तर मुंबईच्या जोडीला पुणंही गेलं होतं. असा तू. त्यामुळं या लेखात फेकाफेक झाली तर निम्मी तुझ्या नावावर टाकीन. पण जीपचं खरं आहे.

आता जरा तिकडं तोंड कर. आपल्या वाडीचे नसलेले लोकही हे वाचतील, त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

तर मंडळी, आमची वाडी भिवपुरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. पायथा म्हणायचा, पण वाडीत मूठभर सपाटी असेल तर ती शाळेपुढच्या अंगणात. बाकी सगळा उतार. हातातून चिंचोका पडला तर तो उल्हास नदीत शोधावा लागतो. आमच्याकडं गाडी लावायची ती तोंड खाली करून, पुढच्या चाकाखाली दगड देऊन. सकाळी दगड काढायचा, टुणकन आत बसायचं, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी धडधडून उठते. जुन्या डिझेलला एवढं पुरतं. सेल्फ मारणं, म्हणजे किल्ली फिरवून गाडी सुरू करणं, हे आमच्याकडं सपाटीवरच्या लोकांचे लाड समजतात. त्यामुळं कुणाची बॅटरी जिवंत आहे नि कुणाची मेली, हे वाडीत कुणालाच ठाऊक नसतं. निम्म्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या असतील आणि त्यांचं सुतकसुद्धा कुणी पाळलं नसेल.

या सगळ्यांचा राजा आमचा बाळाराम. शनिवार-रविवार कर्जत स्टेशनातून पाहुणे भरून कळंबच्या रिसॉर्टांवर सोडायचे, आणि आठवडाभर जीप उतारावर झोपवून ठेवायची, हा याचा धंदा. वहिनींना जीप चालवायला त्यानंच शिकवलं, हट्टानं लायसनही काढून दिलं. पण शिकवलं कुठं, तर उतारावर. वहिनी घाट चढवतील, चिखलातून काढतील, रिव्हर्स तर अशी घेतील की म्हशीसुद्धा कौतुकानं बघतील. पण सेल्फ त्यांनी कधी मारला नव्हता. किल्ली कशासाठी असते, तर स्टिअरिंगचं कुलूप काढायला, अशी त्यांची समजूत.

झालं. आता इकडं तोंड कर, बाळाराम.

आपला तो वाद आठवतोय? आठवणारच, तेवढाच तर आपण धरून बसलो होतो. सपाटीवर पोचलं की तुझी बॅटरी उतरलेली. रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये मुंबईच्या पाहुण्यांना तू स्वतःच्याच सामानासकट जीप ढकलायला लावायचास आणि वर सांगायचास की हा पॅकेजमधला व्यायाम आहे. मी म्हणायचो, बॅटरी कंडम आहे, बदल. तू म्हणायचास, बॅटरी सोन्यासारखी आहे, इंजिन चालू असताना तिला भरणारा डायनामो चोर आहे. तू डायनामो बदललास, पट्टा बदललास, मी तुला बॅटरी बदलायला लावली, आणि नवी बॅटरीही वर्ष संपायच्या आत जुनीसारखीच मान टाकायला लागली. मी पावरहाऊसचा माणूस. मीटर आणून लावला. जीप बंद असताना बॅटरीनं साडेबारा व्होल्टच्या जरा वर दाखवायला हवं, चालू केल्यावर चौदाच्या आसपास. चालू केल्यावर चौदा दाखवलं. म्हणजे डायनामो साव. तू मीटरकडं बघून म्हणालास, "काशा, तुझा मीटर पिऊन आलाय."

आणि बॅटरीत पाणी तू डोंगरातल्या झऱ्याचं घालायचास. म्हणे कंपनीच्या बाटलीतलं पाणी मेलेलं असतं. मी सांगून थकलो की बॅटरीला मेलेलंच पाणी लागतं, झऱ्याच्या पाण्यातले क्षार तिच्या प्लेटा खातात. तू मला तेच पाणी पेलाभर पाजलंस. मी अजून जिवंत आहे, हा तुझा पुरावा. एवढा मोठा पुरावा मागं ठेवून तू मात्र निघून गेलास, हे काही बरं केलं नाहीस.

शेवटी भेटलो तेव्हाही हाच वाद. टपरीवर चहा निवत ठेवून तू म्हणालास, एक दिवस पूर्ण मोकळा काढ, शेवटच्या तारेपर्यंत बघू नि काय तो निकाल लावू. मी म्हटलं, काढतो. आपल्याला काय, दिवसांची ददात नव्हती. असं वाटत होतं.

तू गेलास तेव्हा भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण करायला म्हणून मी तुझी बॅटरी कर्जतला नेऊन पूर्ण भरून आणली आणि जीपमध्ये बसवली. पण पाहुणे आपापल्या गाड्यांनी आले. जीप उभीच राहिली. त्या दिवसांत तुझी थोरली बहीण, खालापूरची आक्का, घर सांभाळायला आली होती. आक्काचं सुतक म्हणजे पोलिसांची जमावबंदी. देव्हाऱ्यातला दिवा बंद, घंटा बंद, फुलं बंद. एका दुपारी ती अंगणात बसली असताना तिची नजर जीपच्या काचेकडं गेली. आत डॅशबोर्डवर तुझा पितळी गणपती, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तू लावलेले ते दोन लाल बल्ब. पेटलेले. नेहमीसारखे.

"यमुने, घरातला देव अंधारात नि गाडीतला उजेडात गं? गाडीला सुतक नाय का?"

वहिनींनी जाऊन दोन्ही बल्ब पिळून काढले, पदराच्या टोकात बांधले आणि पुन्हा रडायला बसल्या. मी तिथंच होतो. मीही रडत होतो, म्हणून अक्कल बंद होती. नाहीतर पावरहाऊसच्या माणसाला तिथंच कळायला हवं होतं. पण देवावर संशय कोण घेणार? आपण बॅटरीवर घेतला, डायनामोवर घेतला, दुकानदारावर घेतला, रिसॉर्टच्या वॉचमनवरसुद्धा घेतला. दोन बल्ब आपल्या नाकापुढं दिवसरात्र पेटत होते आणि आपण त्यांना नमस्कार करून वाद घालायला बसत होतो.

तेरावं झालं आणि खोपोलीहून गाड्यांचा एक दलाल जीप बघायला आला. ही बॅटरी खाणारी गाडी आहे असं त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं तो उपकार करायला आल्यासारखा चालत होता. जीपला लाथ मारली, टपावर चापट मारली, नाक मुरडलं. म्हणाला, भंगारात घालावी लागणार. वहिनी स्टिअरिंगचं कुलूप काढायला म्हणून बसल्या. लक्ष सगळं त्या दलालाच्या लाथेकडं होतं. किल्ली जरा जास्तच फिरली.

जीप उठली, बाळाराम. दगड चाकाखाली असताना. जागच्या जागी. वहिनी किंचाळून बाहेर आल्या, आक्कानं भिंतीला हात टेकले आणि म्हणाली, आला, माझा भाऊ आला. दलालाची लाथ जिथं होती तिथंच राहिली. वाडीत तासाभरात बातमी फिरली की बाळारामानं येऊन किल्ली फिरवली. संध्याकाळपर्यंत तुझा शर्ट दिसलेले लोकही निघाले. मी खोटं का बोलू, मीच दोघांना शर्टाचा रंग सांगितला.

त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, गाडी विकायची नाही. वाडीतल्या बायका साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला जातात, त्यांना ने-आण करायला ठेकेदार गाडी शोधत होता. वहिनी जाऊन भेटल्या. तो म्हणाला, येत्या सोमवारपासून या. पण गेटापुढं जागा सपाट आहे आणि मागं ट्रकची रांग असते. एक दिवस जरी गाडी ढकलावी लागली तरी दुसरी गाडी लावीन. वहिनींनी मान डोलावली. सेल्फनं सुरू होतेय, सगळ्यांनी बघितलंय, मग काळजी कसली.

काम मिळालं म्हणून त्यांनी जीप धुतली, हार घातला, आणि देवाला पुन्हा उजेड हवा म्हणून ते दोन बल्ब परत लावले.

सोमवार तोंडावर आला आणि एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक्. एकदाच. मग तेही नाही. वहिनी माझ्याकडं आल्या. रडल्या नाहीत, तेच बघवत नव्हतं. म्हणाल्या, "भावजी, ते येऊन गाडी चालू करतायत असं मला वाटलं होतं. आता ते पन गेले."

बाळाराम, मग मी तो मोकळा दिवस काढला. तुझ्याबरोबर काढायचा राहिलेला.

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती, मक्याच्या कणसासारखी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून वहिनींनी ती धुतली, टोकं घासून लख्ख केली, आवळली, वर ग्रीस लावलं. बॅटरीवरून जीपच्या बॉडीला जाणारा तारेचा पट्टा सैल होता, तो मी कसला. अंगठ्यानं दाबून डायनामोचा पट्टा बघितला, ताठ होता. दुकानातून बॅटरी भरून आणली. दुकानदार म्हणाला, बॅटरी मेलेली नाही, पण हिला कुणीतरी पुन्हापुन्हा तळापर्यंत रिकामी करतंय. अशी वागवली तर कुठलीच टिकणार नाही. म्हणजे चोर बॅटरीत नव्हता, डायनामोत नव्हता. गाडी उभी असताना कुणीतरी पीत होतं.

चोर पकडायचा उपाय सोपा आहे. गाडी बंद, दारं लावलेली, किल्ली खिशात. बॅटरीचा मायनसचा पट्टा सोडवायचा आणि पट्टा नि बॅटरी यांच्या मध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. तो पेटला तर समजायचं, कुठंतरी गळती आहे. पेटला. मंद, पण पेटला. मग मी एकेक फ्यूज काढत गेलो. हॉर्नचा काढला, पुढच्या दिव्यांचा काढला, वायपरचा काढला. सगळे फ्यूज हातात आले आणि बल्ब आपला पेटलेलाच. मी पावरहाऊसमध्ये शिकलेल्या सगळ्या शिव्या वापरून संपवल्या. टर्बाइन फिरवणारा माणूस एका बल्बापुढं उकिडवा बसलेला, ऊन डोक्यावर, आणि वाडीतली कुत्रीसुद्धा मजा बघायला आलेली.

वहिनी आत सीटवर बसल्या होत्या. विचारलं, "भावजी, सुतकात गाडी तेवढे दिवस उभी होती, तवा बॅटरी उतरली नाय. मग सुतकात काय वेगळं होतं?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी गणपतीकडं बघितलं.

त्यांनी हात पुढं केला, एक बल्ब पिळला. बाहेर माझा बल्ब अर्धा झाला. दुसरा पिळला. माझा विझला.

तर हा निकाल, बाळाराम. बॅटरी साव, डायनामो साव. तू त्या बल्बांची तार किल्लीला बगल देऊन, फ्यूजलाही बगल देऊन सरळ बॅटरीवरून ओढली होतीस, देवाला किल्लीची गरज नाय म्हणून. आठवडाभर जीप उभी, आठवडाभर बल्ब पेटलेले, शुक्रवारपर्यंत बॅटरी रिकामी. शनिवारी तू दगड काढायचास, उतार तुला ढकलून द्यायचा, आणि कुणाला काही कळायचं नाही. आपण दोघंही हरलो. बरोबरीत म्हण हवं तर.

मला वाटलं, संपलं. वहिनी म्हणाल्या, संपलं कसं, नवसाचं काय?

त्या नवसाची गोष्ट तू जगाला सांगत फिरायचास. बोरघाटात दिवे गेले, ब्रेक गेले, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला वाघ, आणि तू गणपतीच्या सोंडेच्या चमकीवर घाट उतरलास. तेव्हा म्हणालास, देवा, तुला कधी अंधारात ठेवणार नाही. मी तुझ्या शेजारी बसलो होतो रं. घाट नव्हता, चौक गावाच्या अलीकडची चढण होती. वाघ नव्हता, मागून आलेला टेंपो होता, त्याच्या उजेडात आपण गेलो. आणि मागच्या बाकावर वहिनी होत्या, पोटातल्या कळांनी दुमडलेल्या, दवाखान्यात न्यायच्या. तू डॅशबोर्डवर कपाळ टेकून पुटपुटलास, हिला पोचव, मग तुला अंधार दाखवणार नाही. मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तू वाघ आणलास. मी त्यात दोन बछडे घातले. तुला झाकायला मदत.

वहिनींना हे सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं. म्हटलं, वहिनी, तो नवस घाटासाठी नव्हता, तुमच्यासाठी होता, म्हणून जपून ठरवा.

त्या बल्ब पदरानं पुसत होत्या. म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. मी मागंच होते की. पोट दुखत होतं, कान नाय."

इतकी वर्षं! तू वाघ सांगायचास आणि ती बाई समोर बसून तोंडावर पदर धरून ऐकायची. चहा द्यायची. वाघ किती मोठा होता तेही विचारायची. बाळाराम, आपल्या दोघांपेक्षा मोठी फेकाडी तुझ्या घरात होती.

बायकांना कामावर न्यायचं तर बल्ब बंद हवेत, नवस पाळायचा तर चालू हवेत. वहिनी गणपतीकडं वळल्या, जणू त्याच्याशी बोलून ठरवतायत. शेवटी म्हणाल्या, "देवळातल्या देवाला पन रोज शेजारती करून झोपवतात. ह्यानंच काय पाप केलंय? वर्षानुवर्षं जागा हाय बिचारा. नवस माझ्यासाठी बोलले, मी सांगते त्याला. गाडी चालू, देव जागा. गाडी उभी, देव झोपला."

मी ती तार किल्लीच्या पलीकडून घेतली, मध्ये फ्यूज घातला. आता किल्ली फिरली की गणपती उजळतो, बंद केली की निजतो. तुझ्या तारेचा जो तुकडा उरला तो मी टाकला नाही. खिशात आहे.

सोमवारी मी मुद्दाम जीपमध्ये मागं बसून गेलो, म्हणजे तुझ्या वतीनं कुणीतरी असावं. कारखाना सुटला, बायका बसल्या. ठेकेदार गेटाला टेकून उभा, मागं ट्रकचा हॉर्न. बायका ऐकतात थोडंच. एक म्हणाली, यमुनाकाकू, आमी आधीच खाली उतरून पदर खोचू का? वहिनी म्हणाल्या, गुमान बसा. त्यांनी डोळे मिटले, मी पण मिटले. गणपती उजळला ते मला मिटल्या डोळ्यांनी दिसलं. मग सेल्फ फिरला, इंजिन खाकरलं, आणि बायकांनी जो गलका केला त्यानं म्हणे खोपोलीत लोक घराबाहेर आले. तेवढं मी नंतर ऐकलं, आणि तेव्हापासून सांगतोय.

आता त्या रोज जातात. बॅटरीत पाणी बाटलीतलंच घालतात, टोकांवर बुरशी दिसली की घासतात, सुट्टीच्या दिवशी उगाच जीप कर्जतपर्यंत फिरवून आणतात, बॅटरी भरलेली राहावी म्हणून. वाडीतले बाकीचेही चोरून विचारायला येतात, आमच्या गाडीत पण काय पेटलेलं राहतं का ते बघा. एकाच्या जीपमधला साउंडचा डबा बंद करूनही वीज पीत होता. मी बल्ब घेऊन फिरतो. वाडीत मेलेल्या बॅटऱ्या उठतायत, बाळाराम, आणि श्रेय अर्थातच मी घेतोय.

संध्याकाळी वहिनी जीप उतारावर लावत नाहीत. शाळेपुढच्या सपाटीवर लावतात. तुझा चाकाखालचा दगड मी तिथं ओढत नेलाय, त्यावर बसतो. जीप येते, थांबते. त्या किल्ली बंद करतात, गणपतीचे दिवे जातात, आणि त्या काचेतून आत बघून म्हणतात, "झोपा आता. सकाळी साजगाव हाय."

मी दगडावरून उठत नाही. सकाळी किल्ली फिरेल, हे ठाऊक असलेल्या माणसासारखा निवांत बसून राहतो.